यादवी युद्ध आणि ‘रणांगण’

यादवी युद्ध आणि ‘रणांगण’ : एकाच राज्यातील लोकांच्या आपसांतील सशस्त्र संघर्षास मराठीत ‘यादवी’ म्हणतात. महाभारताच्या मौसलपर्वात वर्णिलेल्या यादवकुळाच्या परस्परसंहारावरून ही संज्ञा रूढ झाली. संज्ञा इतकी जुनी असली, तरी अशा संघर्षात सामान्य माणसाचे काय होते, या प्रश्नाकडे मराठी कादंबरीने क्वचितच लक्ष दिले. ऐतिहासिक कादंबरीत युद्धवर्णने विपुल आहेत. तथापि तिचा भर बहुधा पराक्रम व डावपेच यांवरच राहिला. या विषयाच्या निकट जाणारी एक महत्त्वाची कृती म्हणजे अमरावती येथे जन्मलेल्या विश्राम बेडेकरांची (१९०६–९८) ‘रणांगण’ (१९३९) ही लघुकादंबरी.

तीत चित्रित झालेला संघर्ष काटेकोर अर्थाने यादवी नव्हे. जर्मनीत १९३३ मध्ये नाझी पक्ष सत्तेवर आला, १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले गेले आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची प्रार्थनामंदिरे व दुकाने जाळण्यात आणि लुटण्यात आली. शासनाने आपल्याच प्रजेच्या एका भागाविरुद्ध पुकारलेले हे युद्ध होते. मात्र त्यात शस्त्रे एकाच पक्षाकडे होती. शोलोखोव्हच्या ‘अँड क्वाएट फ्लोज द डॉन’ (१९२८–४०) या कादंबरीचा नायक रशियन यादवीत कधी एका, तर कधी दुसऱ्या पक्षाकडून लढतो. त्याच्या हाती निदान तलवार आहे. ‘रणांगण’मधील निर्वासितांच्या हाती प्रवासाची कागदपत्रे तेवढी आहेत. रणांगणावरील एकही प्रसंग नसलेल्या या कादंबरीचे शीर्षक म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

तीसोत्तरी दशकाच्या उत्तरार्धात बेडेकर चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले होते. परतीच्या सागरप्रवासाचा अनुभव या कादंबरीच्या मुळाशी आहे. उमेशी झालेल्या प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर विध्वंस बोटीने मायदेशी परततो. त्याच बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू अतिपूर्वेकडे निघाले आहेत. प्रवेशपरवान्याविना उतरू देणारे शांघाय हे त्या काळी जवळजवळ एकमेव बंदर असल्याने १५ ते २० हजार ज्यूंनी तेथे आश्रय घेतला, हा इतिहास येथे ध्यानात घ्यावा लागतो. चक्रधर आणि निर्वासितांपैकी हॅर्टा यांचे प्रेम अवघ्या काही दिवसांचे. मुंबईस चक्रधर उतरतो. हॅर्टाला पुढे जावेच लागते. नंतर तिची पत्रे येतात, आणि तिने समुद्रात उडी घेऊन जीवन संपविल्याचे वृत्तही.

कादंबरीतील सर्वांत तीव्र विसंगती या बंदरावरील ताटातुटीत आहे. चक्रधर पारतंत्र्यातील देशाचा प्रजानन, हॅर्टा एका बलाढ्य स्वतंत्र राष्ट्राची कन्या. तरी पाय टेकण्यास भूमी आहे ती त्याला. लेखकाने यावर भाष्य केले असते, तर परिणाम उणावला असता. जीवितहानीचे आकडे व अत्याचारांची वर्णने येथे जवळजवळ नाहीत. हानी मोजली जाते ती लहानसहान गोष्टींतून : उद्याविषयी बोलण्याचे टाळणे, थोड्याशा ओळखीलाही बिलगणे, लुईसारख्या अजाण मुलाला आपण कोठे चाललो आहोत हे न कळणे. वेळच नसल्याने प्रेमाचीही घाई होते. युद्ध आधीच होऊन गेले आहे आणि बोटीवर त्याचा हिशेब चालू आहे, असे वाटत राहते.

उणिवाही आहेत. पूर्वार्धातील चक्रधराचा स्त्रीद्वेष कित्येकदा आविर्भावाच्या पातळीवर राहतो; ‘विध्वंस’ हे आडनाव तर अंमळ उघडच सूचक आहे. हॅर्टा बराच काळ त्याच्याच नजरेतून दिसते. परंतु अखेरीस पत्रांतून ती स्वतः बोलू लागली, की मुंबईस उतरलेला निवेदक आपोआप तपासला जातो. त्याने दुःख जवळून पाहिले, पण ते वाटून घेतले काय, या प्रश्नातून कादंबरी त्याची सुटका करीत नाही.

भोक्ता व साक्षी यांचे हे द्वंद्व बेडेकरांनी पुढेही सोडले नाही. अमरावतीतील बालपणाचा वृत्तांत असलेल्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राचे (साहित्य अकादमी पुरस्कार, १९८५) शीर्षक मुंडकोपनिषदातील एकाच वृक्षावरील दोन पक्ष्यांच्या रूपकाकडे निर्देश करते. त्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो.

अमरावती-अकोल्याच्या साहित्याची गणना करताना उद्धव शेळके यांच्या ‘धग’चे (१९६०) स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. ‘रणांगण’मध्ये वऱ्हाडी बोली नाही की कपाशीचे शिवार नाही, त्यामुळे ती त्या यादीतून सहसा गळते. तथापि कौतिकच्या मोडत जाणाऱ्या संसारावरून दारिद्र्याची झळ मोजणारे शेळके आणि एका तरुणीच्या काही दिवसांवरून राष्ट्राचे अधःपतन मोजणारे बेडेकर यांची मोजपट्टी फारशी वेगळी नाही. कादंबरीच्या प्रकाशनानंतर आठ वर्षांनी, १९४७ च्या फाळणीत, निर्वासितांचे तांडे भारतीय वाचकाच्या दाराशी आले. परक्यांची म्हणून वाचलेली ही कथा त्यानंतर तशी वाचता येणे कठीण झाले.