चित्राखालचे आकडे

हौशी छायाचित्रकार एकत्र जमले की एक प्रघात हमखास पाळला जातो. प्रत्येक जण आपली अलीकडची चित्रे पुढे ठेवतो आणि चित्राबरोबर काही आकडेही सांगतो: लेन्स कोणती, ॲपर्चर किती, शटरचा वेग किती. कोणी विसरलाच, तर शेजारचा आवर्जून विचारून घेतो. पूर्वी हे आकडे खिशातल्या वहीत टिपून ठेवावे लागत. आज कॅमेराच ते चित्रासोबत नोंदवून ठेवतो. कलेचे जाणकार या प्रघाताची थट्टा करतात. कवितेखाली कोणी शाईचा आणि लेखणीचा तपशील देतो काय, असा त्यांचा सवाल असतो.

मला ही थट्टा अन्यायाची वाटते. आपली युक्ती झाकून ठेवण्याची रीत अनेक धंद्यांत आहे. हौशी माणूस मात्र ती मोकळेपणाने दुसऱ्याच्या हाती देतो. हे औदार्य आहे आणि त्यात प्रामाणिकपणाही आहे. तेव्हा आकडे का सांगावेत, हा प्रश्न नाही. त्यांत काय मावते आणि काय निसटते, हे मात्र पाहण्याजोगे आहे. त्यासाठी एकच प्रसिद्ध चित्र घेऊ.

ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने न्यू मेक्सिको राज्यातील हर्नांडेझ या खेड्यात टिपलेला चंद्रोदय अनेकांनी पाहिला असेल. चित्राचा अर्ध्याहून अधिक भाग काळ्याभोर आकाशाने व्यापला आहे. त्यात पूर्ण होत आलेला लहानसा चंद्र. त्याखाली ढगांचा पांढरा पट्टा आणि बर्फाच्छादित डोंगर. अगदी खाली काही घरे, एक छोटे ख्रिस्तमंदिर आणि त्यालगतची दफनभूमी. मावळतीच्या उन्हात तिथले पांढरे क्रूस उजळून निघाले आहेत.

या चित्राचे आकडे ॲडम्सनेच १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिले आहेत. ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा मोठा कॅमेरा, गडद पिवळा फिल्टर, ॲपर्चर एफ/३२, शटर एक सेकंद. आता हेच आकडे घेऊन कोणी त्याच जागी उभा राहिला, तर त्याला ते चित्र मिळेल काय? मुळीच नाही. ऊन क्षणाक्षणाला बदलते आणि कालचा आकडा आजच्या प्रकाशाला लागू पडत नाही.

खरा धडा आकड्याच्या मागे आहे. ॲडम्सने रस्त्यावरून ते दृश्य पाहिले, गाडी थांबवली आणि घाईघाईने कॅमेरा उभा केला. पण प्रकाश मोजण्याचे मीटर काही केल्या सापडेना. क्रुसांवरचे ऊन ओसरण्याच्या बेतात होते. तेव्हा त्याला आठवले की चंद्राची उजळता दर चौरस फुटाला २५० कँडल असते. खेड्यात सांज होत असली, तरी चंद्रावर सूर्याचे पुरते ऊन पडलेले असते. म्हणून तो आकडा भरवशाचा. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि शटर उघडले. दुसरी फिल्म घेण्यासाठी होल्डर उलटा करीपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. एकच निगेटिव्ह हाती लागली. म्हणजे ‘एफ/३२, एक सेकंद’ ही केवळ उत्तराची शेवटची ओळ आहे. त्यामागचा अभ्यास वर्षानुवर्षांचा होता आणि तो उसना घेता येत नाही.

दुसरी गोष्ट अंधाऱ्या खोलीतली. निगेटिव्हमधला खालचा भाग फिका होता. १९४८ साली ॲडम्सने रासायनिक प्रक्रिया करून तो गडद केला. पुढे आयुष्यभरात त्याने या एका निगेटिव्हचे सुमारे १,३०० ठसे काढले. सुरुवातीच्या ठशांत आकाश करडे आहे आणि त्यात पुसट ढग दिसतात. नंतरच्या ठशांत ते काळे होत गेले. तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी केलेला हा कलावंत निगेटिव्हला स्वरलिपीची आणि ठशाला वादनाची उपमा देत असे. त्याने हे कधी लपवले नाही. आजची हौशी मंडळी कॅमेऱ्याचे आकडे अभिमानाने सांगतात. संगणकावर नंतर काय केले, याबद्दल मात्र पुष्कळदा मौन पाळतात. ही अर्धी साक्ष झाली. आकाश आपण काळे केले असेल, तर तेही सांगावे. त्याने चित्राचे मोल कमी होत नाही.

आता तिसरी आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. चंद्राची उजळता अचूक आठवणाऱ्या ॲडम्सला चित्र कोणत्या दिवशी काढले, हे मात्र आठवत नव्हते. त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी वर्षे सांगितली. अखेर चंद्राच्या स्थानावरून खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी गणित मांडले. पहिले उत्तर ३१ ऑक्टोबर १९४१ असे आले. १९९१ साली डेनिस डी चिको यांनी ते तपासून दुरुस्त केले: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटे. ॲडम्स त्यापूर्वीच, १९८४ साली वारला होता.

१ नोव्हेंबर हा आपल्या वाचकांना निराळा सांगायला नको. तो सर्व संतांचा सण, आणि दुसरा दिवस मृतांच्या स्मरणाचा. त्या सणाच्या मावळतीला एका कॅथलिक खेड्यातल्या क्रुसांवर ते शेवटचे ऊन पडले होते. हे कळल्यावर चित्र तेच राहते. आपण मात्र त्याच्यापुढे निराळ्या मनाने उभे राहतो. आधी नजर चंद्राकडे जात होती, आता ती खाली उतरते. त्या क्रुसांखाली कोण निजले आहेत, त्यांच्यासाठी उद्या कोण मेणबत्ती लावणार, असे प्रश्न मनात येतात. आकड्यांनी या प्रश्नांकडे बोट दाखवले नव्हते.

ॲडम्सला दोष देण्याचा हेतू नाही. त्याने हाती आलेला क्षण दवडला नाही, हेच पुष्कळ. आज तारीख विसरण्याची भीतीही उरलेली नाही, कारण कॅमेरा ती मिनिटासकट टिपतो. परंतु तो दिवस कोणता सण होता, चौकटीतली म्हातारी कोणाची कोण, चित्र काढण्यापूर्वी तिला विचारले होते की नाही, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. आपल्या घरांतल्या जुन्या पेटीत पहिल्या कम्युनियनचे किंवा लग्नाचे एखादे चित्र असते. त्याच्या मागे कोणा वडीलधाऱ्याने शाईने नावे आणि प्रसंग लिहिलेला असतो. ॲपर्चर किती होते, हे त्याने लिहिले नाही. पण त्या चार नावांमुळेच ते चित्र आज आपले राहिले आहे.

तेव्हा हौशी छायाचित्रकारांनी आकडे जरूर द्यावेत. त्यांच्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात: नंतर काय फेरफार केला, आणि समोर कोण होते. पहिल्या ओळीने नवशिक्याला शिकता येईल. दुसरी ओळ पन्नास वर्षांनी ती पेटी उघडणाऱ्या नातवंडाच्या उपयोगी पडेल.