रक्तविकारांची व्याख्या : ‘ड्रॉइंग ब्लड’ आणि महाराष्ट्रातील सिकलसेल

प्रस्तावना :
रोग निसर्गतः सिद्ध असतो व वैद्यकशास्त्र त्यास केवळ नाव देते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकन इतिहासकार कीथ वायलू यांनी ‘ड्रॉइंग ब्लड’ (१९९७) या ग्रंथात हा समज तपासला आहे. तरुण स्त्रियांचा म्हणून ओळखला जाणारा ‘क्लोरोसिस’ हा पंडुरोग विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकातून नाहीसा झाला. त्यामागे रक्ततपासणीच्या साधनांइतकेच स्त्रीविषयक बदलते दृष्टिकोनही होते, असे ते दाखवतात.

विवेचन :
ग्रंथातील सिकलसेलची चर्चा महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. १९१० मध्ये हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले. पुढे आलेल्या पेशी-चाचणीत वाहक व रुग्ण यांतील भेद स्पष्ट होत नसे. त्यामुळे निरोगी वाहकही सुप्त रोगी ठरले आणि हा रोग ‘कृष्णवर्णीयांचे रक्त’ या वांशिक कल्पनेशी जोडला गेला. १९४९ मध्ये पॉलिंग व सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोफोरेसिसद्वारे हिमोग्लोबिनमधील फरक दाखवला, तेव्हा हा भेद सुस्पष्ट झाला.

विदर्भ व नंदुरबार परिसरात प्राथमिक तपासणीसाठी सोल्युबिलिटी चाचणी वापरली जाते. ती स्वस्त व सुलभ आहे. परंतु द्रावण गढूळ झाले म्हणजे व्यक्ती वाहक की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस वा तत्सम निश्चिती-चाचणी लागते. या दोन चाचण्यांमधील काळात ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द गावात पोहोचतो. विवाह जुळवताना तो मुलीच्या वाट्याला कलंक म्हणून येऊ शकतो. वस्तुतः दोन्ही जोडीदार वाहक असतील, तरच प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते.

कायदाही व्याख्या घडवतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात सिकलसेल रोगाचा समावेश झाला. तेथे मात्र रुग्ण आणि वाहक यांतील रेषा हक्काची रेषा ठरते.

मर्यादा :
वायलू यांच्या मांडणीत डॉक्टर व प्रयोगशाळा केंद्रस्थानी असून रुग्णाचा आवाज क्षीण आहे. मेम्फिस शहरावरील २००१ च्या ग्रंथात त्यांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. तथापि, वंशाची त्यांची चिकित्सा येथे जशीच्या तशी लागू होत नाही. आदिवासी व दलित समूहांशी हा आजार जोडला जाताना जातिव्यवस्थेचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

समारोप :
२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. चाचणी जितकी व्यापक, तितकी निदानाच्या शब्दांची जबाबदारी मोठी. निश्चिती-चाचणी व समुपदेशन यांवाचून केलेली तपासणी रोग शोधताना नवे ‘रोगी’ही घडवू शकते. वायलू यांच्या ग्रंथाचे येथील अभ्यासकांसाठी मोल आहे ते या इशाऱ्यात.