बटणावर मावणारी लॅटिन

नवा शब्द घडवणे ही लॅटिनची जुनी कला. ग्रीक तत्त्वज्ञान रोमकरांच्या गळी उतरवताना सिसेरोने ‘क्वालितास’ आणि ‘मोरालिस’ हे शब्द स्वतः पाडले. आज ‘क्वालिटी’ म्हणताना आपणही त्याच टाकसाळीचे नाणे वापरतो.

व्हॅटिकनने १९९२ आणि १९९७ मध्ये दोन खंडांत अर्वाचीन लॅटिनचा कोश काढला. त्यामागचे कष्ट मोठे, पण पद्धत चुकली. व्होडकाला ‘वालिदा पोतिओ स्लाविका’, म्हणजे जहाल स्लाव पेय. हॉटडॉगला ‘पास्तिल्लुम बोतेल्लो फार्तुम’, म्हणजे सॉसेज भरलेला पाव. ही व्याख्या झाली, नाव नव्हे.

त्याच १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ हा खेळ आला. त्यातल्या अखेरच्या लढाईत संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी ‘कार्मिना बुराना’ या मध्ययुगीन काव्यसंग्रहातली लॅटिन समूहगानात घातली. ऐकताना अंगावर काटा येतो, पण तिथे लॅटिन केवळ गूढपणासाठी आहे. खेळणाऱ्याला ती कळावी अशी अपेक्षाच नाही. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या भाषांच्या यादीत मात्र लॅटिन आहे, आणि ती स्वयंसेवकांनी उभी केली आहे. इथे ती कामाला लागते. शब्द बटणावर मावला पाहिजे आणि दिवसातून शंभरदा नजरेखालून गेला तरी खुपता कामा नये. ही परीक्षा कोशकाराला द्यावी लागत नाही.

‘सेव्ह’साठी ‘सेर्वारे’ आयता मिळतो. वाचवणे आणि राखून ठेवणे हे दोन्ही अर्थ त्यात मुळातच आहेत. ‘लोड’ मात्र फसवतो. ‘ओनेरारे’ म्हणजे गाढवावर, गलबतावर ओझे लादणे. यंत्र तर ठेवलेला डाव परत आणते. तिथे ‘आर्केस्सेरे’, बोलावून आणणे, हेच मला योग्य वाटते.

खरी कसोटी विभक्तीची. खेळाच्या वाक्यांत नावांसाठी रिकाम्या जागा असतात: अमका तमक्याकडून मारला गेला. इंग्रजीत नाव कुठेही जसेच्या तसे बसते. लॅटिनमध्ये मारणारा ‘मार्कुस’ असेल तर ‘आ मार्को’ करावे लागते. मेलेला पुरुष असेल तर ‘ओक्कीसुस’, बाई असेल तर ‘ओक्कीसा’. मराठीतही हीच अडचण: ‘वाघ’चे ‘वाघाने’ कोणी करायचे, ‘मारला’ की ‘मारली’ हे कोणी ठरवायचे? आपली वृत्तपत्रे ‘दोघे ठार’ लिहून मोकळी होतात. लॅटिनलाही तशी वाट आहे: ‘मार्कुस पेरिइत’, म्हणजे मार्कुस मेला. नाव प्रथमेत, क्रियापदाला लिंग नाही; मारणाऱ्याचे नाव पुढे वेगळे द्यावे. साचाही टिकतो, भाषाही शाबूत राहते. मूळ वाक्याचा सांगाडा धरून बसणाऱ्याला ही वाट दिसत नाही.

आणि ‘माइनक्राफ्ट’मध्ये दिवसभर करायचे काय? खणायचे, लाकूड तोडायचे, भट्टी पेटवायची. त्यासाठी लॅटिनला नवा शब्द पाडावा लागत नाही. कुदळीला ‘दोलाब्रा’ आहे. रोमन सैनिक तिनेच छावणीचे खंदक खणत. तीच हातात घेऊन एखादे मूल दगड फोडू लागले, की तो शब्द त्याला पाठ करावा लागत नाही.