चौकातले रान : सावली किती, थंडावा किती?

पॅरिसमध्ये मोंपार्नास रेल्वे स्थानकाजवळ प्लास द कातालोन्य नावाचा एक गोल चौक आहे. १९८० च्या दशकात वास्तुशिल्पी रिकार्दो बोफिल यांनी त्याच्या कडेने वळणदार इमारती उभ्या केल्या. मधोमध एका प्रचंड दगडी तबकडीवरून पाणी वाहणारे कारंजे होते, ते पुढे बंद पडले. उरला दगड, डांबर आणि गोल फिरणारी वाहने. २०२४ च्या जूनमध्ये हाच चौक 'नागरी वन' म्हणून खुला झाला. कारंज्याच्या जागी आता सुमारे ४७० झाडे आहेत.

हा खटाटोप केवळ शोभेसाठी नाही. २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५,००० मृत्यू जास्त झाले. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. २५ जुलै २०१९ रोजी तर पॅरिसचा पारा ४२.६ अंशांवर गेला. तेव्हा या चौकाचे परीक्षण करताना कसोटी एकच : उन्हाळ्यात माणसांना यातून काय मिळेल?

आधी जमेची बाजू पाहू. झाड दोन कामे करते. पहिले सावलीचे. उन्हात तापलेला दगड स्वतःची उष्णता आपल्या अंगावर फेकतो, सावलीतला दगड तितका तापतच नाही. दुसरे काम पानांमधून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाचे. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. समजा, एका मोठ्या झाडाने दिवसभरात १०० लिटर पाणी हवेत सोडले, तर २४ कोटी ज्यूल उष्णता खर्ची पडली. विजेच्या हिशेबात हे झाले सुमारे ६७ युनिट! शिवाय फरशी उखडल्यामुळे पावसाचे पाणी मातीत मुरते ते वेगळेच.

पण या हिशेबातला 'मोठे' हा शब्द विसरून चालणार नाही. नव्या झाडांचा पर्णसंभार पुरता वाढायला वर्षे लागतात. आणि माती कोरडी पडली की झाड पानांवरची रंध्रे मिटून घेते. म्हणजे ऐन लाटेत पाणी मिळाले नाही, तर बाष्पोत्सर्जनाचा थंडावाही आटतो.

दुसरा आक्षेप आकड्यांच्या वापराला आहे. अशा योजनांबरोबर 'चौक ४ अंशांनी थंड होईल' यासारखी वाक्ये ऐकू येतात. अंश कशाचे? जमिनीच्या पृष्ठभागाचे, हवेचे, की अंगाला जाणवणाऱ्या उष्म्याचे? फरशीवर ऊन आणि सावली यांतला फरक १५-२० अंशांचाही असू शकतो. बागेतली हवा मात्र भोवतालच्या वस्तीपेक्षा दिवसा सरासरी अंशभरच थंड आढळते. तरीही माणसाला बरे वाटते, कारण ऊन थेट अंगावर पडत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एकच नव्हेत.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दिवसभर तापलेल्या दगडी इमारती रात्री उष्णता सोडतात. पॅरिसमध्ये जस्ताच्या पत्र्याखालच्या वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचे हाल तेव्हाच होतात. रात्री झाडांचे बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबलेले असते आणि चौकाचा गारवा फार दूरवर पोचतही नाही. त्या वृद्धांना छप्पर, खिडक्यांच्या झडपा आणि शेजाऱ्यांची चौकशी यांचाही आधार हवा.

जागेच्या निवडीबद्दलही विचारले पाहिजे. २०१९ साली अशा वनांसाठी चार जागा जाहीर झाल्या होत्या. त्यांत नगरभवनासमोरचे आणि ल्यों स्थानकासमोरचे पटांगण होते, ऑपेराच्या मागची जागा होती, पण कातालोन्य नव्हता. शहराच्या पोटात भुयारी रेल्वे, वाहनतळ आणि नळांचे जाळे असते. मुळांना खोल माती मिळेल तिथेच झाड वाढणार. म्हणजे जिथे गरज सर्वाधिक, तिथे वन होईलच असे नाही.

एकंदरीत, चौक म्हणून हे काम चांगले आहे. दगडाऐवजी माती आणि वाहनांऐवजी सावली हा सौदा फायद्याचाच. पण त्याला उष्णतेवरचा पुरेसा उपाय समजणे चूक ठरेल.

शिक्षकांना हा प्रश्न वर्गात घेता येईल. शाळेच्या आवारात फरशी, उघडी माती आणि झाडाखालची जमीन अशा तीन जागा निवडा. प्रत्येक ठिकाणी जमिनीचे आणि मीटरभर उंचीवरच्या हवेचे तापमान मोजा. हवेचे मोजताना तापमापीच्या फुग्यावर ऊन पडू देऊ नका. दुपारी दोन वाजता आणि सूर्यास्तानंतर तासाभराने नोंदी घ्या. मग मुलांना विचारा : 'झाडाखाली थंड असते' या वाक्यात नेमके काय थंड असते, आणि केव्हा?