फादर डिमेलो यांची ‘साधना’ : अर्धी वाचलेली

पनवेलहून बोरघाट चढून वर गेले, की लोणावळा लागते. या एका गावात ध्यानाकडे पाहण्याच्या दोन रीती नांदल्या. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापिले आणि योगाला प्रयोगशाळेत नेले. शरीरावर काय घडते ते मोजून पाहावे, हा त्यांचा आग्रह. पुढे कित्येक वर्षांनी येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी पुण्यात आरंभिलेली ‘साधना’ ही संस्था लोणावळ्यास आली. तिच्यापुढचा प्रश्न निराळा होता : आम्हांला प्रार्थना करता येत नाही, ही भाविकांची तक्रार.

त्यांचे ‘साधना : अ वे टू गॉड’ हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. आज आपल्या पनवेल परिसरात ध्यानाचा विषय निघाला, की रक्तदाब, निद्रानाश आणि मनावरचा ताण यांचीच गोष्ट होते. पहाटेची लोकल धरून मुंबईस जाणाऱ्या माणसाने दहा मिनिटे स्वस्थ बसून श्वास न्याहाळला, तर त्यात गैर काय? काहीच नाही. मंद श्वासाने छातीची धडधड कमी होते, हा अनुभव कोणालाही घेता येतो. पण ‘साधना’ही याच हेतूने वाचली जाते, आणि म्हणून ती अर्धीच वाचली जाते.

पुस्तकाचा आरंभ मौनापासून होतो. मग शरीराच्या संवेदना, मग श्वास. या भागावर बौद्ध शिबिराच्या अनुभवाची छाप आहे आणि लेखक ती लपवीत नाही. पुढे कल्पनेचे अभ्यास येतात. त्यांत स्वतःचे प्रेत कुजताना पाहण्याचाही एक आहे! ताण घालविण्यास आलेला वाचक बहुधा येथेच पुस्तक मिटतो. शेवटच्या भागात मात्र भक्ती आहे : येशूनामाचा जप आणि मुखाने म्हणावयाची प्रार्थना. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर प्रभू बसला आहे असे मानून त्याच्याशी बोलण्याचा अभ्यासही पुस्तकात आहे. माझ्या मते पुस्तकाचे मर्म या खुर्चीत आहे. श्वास एकट्याचा असतो. संभाषणाला दुसरा कोणी लागतो.

रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने १९८९ साली ख्रिस्ती ध्यानाविषयी जे पत्र काढले, त्याचा रोख नेमका येथे आहे. पौर्वात्य पद्धतींनी अंतःकरण शांत करून देवासमोर येता येते, हे ते पत्र मान्य करते. मात्र शरीराच्या अभ्यासातून आपोआप येणारी स्वस्थता म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन, असे समजणे चूक ठरविते. हा भेद मला पटतो. बरे वाटणे आणि कृपा लाभणे यांची गल्लत झाली, तर ज्या दिवशी बरे वाटणार नाही त्या दिवशी प्रार्थनाही सुटेल. आजारी माणसाचे काय, शोकात बुडालेल्या घराचे काय?

त्याच मंडळाने १९९८ साली, लेखकाच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, डिमेलोंच्या लेखनावर इशारा दिला. तो अनेकांना आठवतो. त्याच इशाऱ्यात त्यांचे आरंभीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहिले, असे म्हटले आहे. ते फारसे कोणी सांगत नाही. तरीही दोषाचा काही वाटा लेखकाकडे जातोच. पहिल्या अभ्यासांत तो इतका रमतो, इतक्या बारकाईने बोट धरून नेतो, की ती पायरीच घर वाटू लागावी. भाषा सोपी, वाक्ये छोटी, सूचना नेमक्या. ही शैलीच वाचकाला लवकर तृप्त करते.

शेवटच्या भागातला एक अभ्यास मराठी वाचकाने अवश्य करून पाहावा. विष्णुसहस्रनाम आपल्या कानांवर असते. त्या धर्तीवर येशूला आपल्या मनाने सहस्र नावे द्यावीत, असे डिमेलो सुचवितात. प्रार्थनापुस्तकातली नावे लौकरच संपतात. मग आपल्या बोलीतली, शेतातली, स्वयंपाकघरातली नावे शोधावी लागतात, आणि ती श्वास मोजताना सापडत नाहीत.