शेजाऱ्याला मत नसतं : गोव्याच्या जनमत कौलाची उलटतपासणी

(अहिल्यानगर येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर विषय छापलाय, 'स्वातंत्र्याचा कौल आणि शेजारी'. तो वाचून काही जणांना वाटलं असेल की आज स्कॉटलंड, कॅटलोनिया असं काहीतरी लांबचं ऐकायला मिळणार. तिकडे जाऊ, पण उभ्या उभ्या. मुक्काम गोव्यात करायचाय. पुस्तकाची समीक्षा करतो तशी आज एका मतपत्रिकेची समीक्षा करू या. तिच्यात काय विचारलं होतं, काय विचारलं नव्हतं, आणि निकाल लागल्यावर आपण मराठी माणसांनी तो कसा चुकीचा वाचला, हे पाहू.

आधी बाहेरची दोन उदाहरणं. १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं. ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का? सुमारे ५५ टक्के लोक 'नको' म्हणाले. त्या दिवशी इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला मत नव्हतं. १७०७ पासूनचं एकत्र राज्य मोडणार की राहणार, चलनाचं काय, सरहद्दीचं काय, हे सगळं त्याच्याही आयुष्याचं होतं. पण ठरवणार पलीकडचे. आणि स्पेनचं सरकार तिकडे डोळे लावून बसलेलं, कारण त्याच्या घरात कॅटलोनिया होता.

दुसरं दक्षिण सुदान. जानेवारी २०११ मध्ये जवळजवळ ९९ टक्के लोकांनी वेगळं होण्याच्या बाजूने मत दिलं. तेलाच्या बहुतेक विहिरी दक्षिणेत गेल्या, पण ते तेल समुद्रापर्यंत नेणारी पाइपलाइन उत्तरेतून जाणारी. मधल्या अब्येई भागाने कुणाकडे जायचं, याचं वेगळं मतदान त्याच वेळी व्हायचं होतं. ते ठरल्याप्रमाणे झालंच नाही. मतदान देखणं झालं आणि शेजाराचा हिशेब तसाच लोंबकळत राहिला.

म्हणजे अशा कौलांची रीत काय? आत राहणारा मत देतो आणि शेजारी ओसरीवर बसून निकालाची वाट बघतो.

ही ओसरी आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहायचं ठरवलं, तेव्हा जामखेड, पाथर्डी, शेवगाव, नेवासा या तालुक्यांची पूर्वेकडची शीव ही एकदम दुसऱ्या राज्याची सरहद्द झाली. जून १९४८ च्या वाटाघाटींच्या मसुद्यात हैदराबादमध्ये सार्वमत घेण्याचं कलम होतं. निजामाने मसुदा नाकारला. मधल्या काळात रझाकारांना भिऊन माणसं हद्द ओलांडून अलीकडे येत राहिली. शेवटी १३ सप्टेंबरला फौज शिरली आणि १७ ला निजाम शरण आला. कौल कधी झालाच नाही, पण न झालेल्या कौलाची झळ शेजारच्या जिल्ह्यांनाही लागली.

आता गोवा. एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवतो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला होता. भारतातून बाहेर पडण्याचा प्रश्नच कुणी काढला नव्हता. पण गाभ्याचा सवाल तोच होता : आपण लहान आहोत, मोठ्या शेजाऱ्यात मिसळायचं की आपलं वेगळं बिऱ्हाड ठेवायचं?

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाचा जाहीर कार्यक्रमच महाराष्ट्रात विलीन होण्याचा. महाराष्ट्राने मानलं की कौल मिळाला, आता फक्त कागद करायचा. विरोधात जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोअन्स पक्ष होता. तो म्हणाला, लोकांनी सरकार निवडलंय, गोवा विसर्जित करायला सांगितलेलं नाही. त्यासाठी वेगळं विचारा. संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाने शेजारच्या राज्यात मिसळायचं का, हे असं थेट लोकांना विचारल्याचं उदाहरण शोधायला गेलं तर आधी गोवाच सापडतो.

आता ती मतपत्रिका बघा. चिन्हं दोन. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणं. बस्स.

पहिला दोष इथेच आहे. 'स्वतंत्र राज्य' हा तिसरा पर्याय तिच्यावर नव्हता. गोव्याला घटक राज्य व्हायला पुढे वीस वर्षं लागली, ३० मे १९८७ उजाडावा लागला. ज्याला गोवा हे गोव्याचंच राज्य हवं होतं, त्याने दोन पानांवर शिक्का मारला. ज्याला दारूबंदीची धास्ती होती, त्यानेही तिथेच मारला, कारण महाराष्ट्रात दारूबंदी होती आणि माडाची सूर काढणाऱ्यांची चूल तिच्यावर अवलंबून. फुलाकडे बघा, तर भाषेच्या प्रेमाने मत देणारा होता आणि महाराष्ट्रासारखा कुळकायदा येईल, भाटकाराच्या कचाट्यातून सुटू, म्हणून मत देणारा बहुजन कुळवाडीही होता. इतक्या निरनिराळ्या इच्छा आणि खाने दोन!

दुसरा दोष दमण आणि दीवच्या बाबतीतला. हे दोन तुकडे गोव्यापासून शेकडो किलोमीटर दूर, गुजरातला लागून. त्यांनाही त्याच वेळी विचारलं, गुजरातमध्ये जायचं का? ते 'नको' म्हणाले आणि गोव्याच्या शेपटाला बांधलेले राहिले. १९८७ मध्ये गोवा राज्य झालं तेव्हा त्यांना वेगळं काढलं. २०२० मध्ये दादरा-नगर हवेलीला जोडलं. या दोन्ही वेळी मतपेटी कुणी आणली नाही. एकदा विचारलं की कायमचं विचारलं, अशी सरकारची समजूत असावी.

आता निकाल. ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी मत दिलं. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१, फुलाला १ लाख ३८ हजार १७०. फरक ३४ हजार २१.

या आकड्यांचं महाराष्ट्रात जे वाचन झालं, त्यावर माझा खरा आक्षेप आहे. 'गोव्याने मराठीला नाकारलं', 'फितुरी झाली', हे वाक्य आजही कानावर येतं. ते पुराव्याला टिकत नाही. विलीनीकरणाविरुद्धची धारदार मोहीम चालवली ती 'राष्ट्रमत' या दैनिकाने. संपादक चंद्रकांत केणी, त्यात उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर. 'राष्ट्रमत' कोणत्या भाषेत निघत होतं? मराठीत! महाराष्ट्रात जायचं नाही हे मराठी वाचणाऱ्या माणसाला मराठीतून पटवलं गेलं. आणि दुसरा पुरावा त्याहून बोलका. कौल झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये, गोव्यात निवडणूक झाली. कोण निवडून आलं? पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच! बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदाराने दोन प्रश्न वेगळे ठेवले होते : राज्य कुणी करावं, आणि आपण कुणात मिसळावं. ते आपण एक केले. भाषा समजते, वाङ्मय आवडतं, नाटक बघतो, म्हणून राजधानीही तुमचीच मान्य, असं होत नाही.

शेजारी म्हणून महाराष्ट्र कसा वागला? सगळ्या पक्षांचे पुढारी प्रचाराला गोव्यात उतरले. आपल्या मते ते प्रेमच होतं. पण छोट्या घरात मोठ्या घरची दहा माणसं एकदम बैठकीला आली, की प्रेमाचा दाब होतो. तिकडे म्हैसूर राज्यालाही हे विलीनीकरण नको होतं. त्याचं कारण नकाशा उघडला की दिसतं. कारवार तालुका गोव्याच्या काणकोणला चिकटून आहे. गोवा वेगळा राहिला तर महाराष्ट्र आणि कारवार यांच्या मध्ये एक आख्खा प्रदेश उभा राहतो. गोवा महाराष्ट्रात आला असता, तर महाराष्ट्राची हद्द थेट कारवारच्या वेशीला लागली असती. सीमाप्रश्नात महाराष्ट्र ज्या तत्त्वांवर मागणी करत होता, म्हणजे खेडं हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा, त्यातली सलगता कारवारपुरती गोव्याच्या मतपेटीत अडकलेली होती. कारवारच्या मराठी-कोकणी माणसाला त्या पेटीत चिठ्ठी टाकायचा अधिकार नव्हता.

चौथं तत्त्व लोकेच्छेचं. बेळगावात आपण म्हणत आलो, निवडणुका बघा, एकीकरण समितीचे उमेदवार निवडून येतात, हीच लोकेच्छा. गोव्याने दाखवून दिलं की निवडणुकीतला विजय आणि थेट प्रश्नाचं उत्तर या दोन गोष्टी असू शकतात. हे आपल्या अडचणीचं होतं. पण त्याच कौलाने आपल्या हातात एक भक्कम युक्तिवादही दिला होता. महाराष्ट्राला म्हणता आलं असतं, 'गोव्यात लोकांना विचारलं, आम्ही हरलो, निमूटपणे मानलं. आता बेळगाव, निपाणी, कारवारच्या लोकांनाही असंच विचारा, निकाल कसाही लागला तरी मानू.' हे आपण पुरेशा जोराने म्हटलं नाही, कारण ते म्हणायला आधी गोव्याचा निकाल मनापासून स्वीकारावा लागतो. आपण रुसून बसलो.

इथे नगरच्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. पारनेरचे सेनापती बापट. १९५५ मध्ये पंचाहत्तरीच्या घरात असताना ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरले. १९६६ मध्ये त्यांनी सीमाप्रश्नासाठी उपोषण केलं, आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला केंद्राने महाजन आयोग नेमला. जानेवारी १९६७ मध्ये गोव्याचा कौल लागला. ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला : २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, बेळगाव कर्नाटकातच. २८ नोव्हेंबरला बापट गेले. एका वर्षात दोन निवाडे. एक लोकांना विचारून झालेला, दुसरा एका न्यायमूर्तींनी कागद बघून दिलेला. आज काय दिसतं? लोकांना विचारलेला निवाडा मिटला, गोव्याच्या विलीनीकरणाची मागणी आज कुणी करत नाही. कागदावरचा निवाडा अजून धुमसतोय; महाराष्ट्र २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. यातून जे शिकायचं ते उघड आहे.

पण कौलाने सगळं मिटतं असंही नाही. हद्द कायम झाली की पाणी, दवाखाना, नोकरी हद्दीला अडखळू लागतात. म्हादईचं पाणी तीन राज्यांत वाटायला लवाद लागला. ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी आलं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातली माणसं पोटासाठी आणि औषधासाठी गोव्यात जातात. २०१८ मध्ये गोव्याच्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात बाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, आणि त्याच सुमारास दोडामार्गातून मागणी आली, आमचा तालुका गोव्याला जोडा! पन्नास वर्षांत चाक उलटं फिरलं. १९६७ मध्ये गोव्याने महाराष्ट्रात यावं म्हणणारे आपण. आता आपलाच एक कोपरा तिकडे बघतोय. फितुरी म्हणून नाही, तर जवळचं मोठं इस्पितळ तिकडे आहे म्हणून.

कुणी विचारेल, मग काय शेजाऱ्यालाही मत द्यायचं? नाही. तसं केलं तर लहान कधीच सुटणार नाही. महाराष्ट्राच्या कोट्यवधी मतदारांपुढे गोव्याच्या पावणेचार-चार लाखांचं काय चाललं असतं? मत आत राहणाऱ्याचंच. पण शेजाऱ्याशी बोलणी मतदानाआधी व्हायला हवीत. पाणी कसं वाटणार, रुग्ण कुठे जाणार, पलीकडच्या शाळेतल्या पोराचं काय, हे लिहून ठेवा आणि मग मतदाराला विचारा. म्हणजे तो डोळे उघडे ठेवून मत देईल, आणि शेजारीही निकाल पचवील.

हे सगळं नगरमध्ये का सांगतोय? आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुके. विभाजनाची मागणी जुनी आहे आणि ती अडते ती मुख्यालयावर : श्रीरामपूर, संगमनेर की शिर्डी? जिल्हा म्हणजे राष्ट्र नव्हे, हे मला कळतं. पण चर्चा बघा, कचेरी कुठे यावर रान पेटतं. मुळा-भंडारदऱ्याचं पाणी, जिल्हा रुग्णालय, दक्षिणेतल्या जामखेड-कर्जतच्या वाट्याला काय उरणार, यावर कुणी कागद मांडत नाही. जायकवाडीच्या फुगवट्यात शेवगाव-नेवाशाच्या जमिनी गेल्या, आणि दुष्काळी वर्षात वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही यावर आपण आणि मराठवाडा कोर्टात भांडतो. शेजाऱ्याला न विचारता झालेले निर्णय कसे अंगावर येतात, हे या जिल्ह्याला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. विभाजन उद्या झालं तर उत्तर आणि दक्षिण नगर हे एकमेकांचे शेजारी होतील. आपण फक्त फूल की पानं एवढंच विचारणार आहोत का, ते आत्ताच ठरवा.

थांबतो. प्रश्नांना वेळ ठेवलाय. जे असहमत आहेत त्यांनी आधी हात वर करा.