प्रवासाचा जमाखर्च

एकट्यानें, थोड्या पैशांत, डोंगरवाटा तुडवीत आणि उघड्यावर मुक्काम करीत केलेल्या प्रवासाचीं वर्णनें हल्लीं इतकीं निघतात, कीं त्यांच्या परीक्षणास कांहीं कसोटी हवी असें आम्हांस वाटूं लागलें आहे. यांपैकीं पुष्कळ लेखक खर्चाचा कमीपणा हाच मनाचा मोठेपणा समजतात, आणि एकटेपणास तपश्चर्येचें मोल लावतात. या जातीच्या ग्रंथांचा मूळपुरुष म्हणून ज्याकडे बोट दाखविलें जातें, तें रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचें ‘ट्रॅव्हल्स विथ अ डाँकी इन द सेवेन्स’ हें १८७९ सालचें छोटें पुस्तक या निमित्तानें आम्हीं पुन्हां वाचलें. त्याच्या वाटेनें आजही हौशी लोक पायीं जातात. कित्येक भाड्याचें गाढवही बरोबर घेतात. त्याची हिशेबाची वही मात्र फारशी कोणीं उचललेली दिसत नाहीं.

सप्टेंबर १८७८ मध्यें फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांतल्या ल मोनास्तिए गांवाहून सत्तावीस वर्षांचा स्टीव्हन्सन निघाला, आणि सुमारें १२० मैलांची चाल करून बारा दिवसांत सें-जाँ-द्यु-गार येथें पोंचला. तंबू त्यानें विचारान्तीं नाकारला; तो उभारण्याची दगदग, आणि दिसतांच येणाराजाणारा डोकावणार ही धास्ती. त्याऐवजीं त्यानें निजावयाची एक पिशवी शिववून घेतली, बाहेरून हिरव्या जलरोधक कापडाची, आंतून निळ्या लोकरीची. हिला ८० फ्रँक आणि बिअरचे दोन पेले पडले. ती वाहावयास मोदेस्तीन नांवाची गाढवी घेतली, तिला ६५ फ्रँक आणि ब्रँडीचा एक पेला. अंथरुणापेक्षां तें वाहणारा जीव स्वस्त पडला, ही गोष्ट तो स्वतःच हंसत नमूद करतो. स्वस्त प्रवास म्हणजे काय, याचा इतका प्रामाणिक खुलासा आम्हीं दुसरीकडे वाचलेला नाहीं.

हंसणें मात्र फार वेळ टिकत नाहीं. गाढवी चालेना, तेव्हां वाटेंतल्या एका खानावळवाल्यानें त्यास पराणी करून दिली, आणि ती हातीं येतांच लेखकाच्या लेखणीला जो उल्हास चढतो तो वाचून आम्हांस ओशाळल्यासारखें झालें. परंतु याच लेखणीनें पुढें मोदेस्तीनच्या पुढच्या पायांची आंतली बाजू कच्च्या मांसासारखी सोलून निघाल्याचें लिहिलें आहे. हें लपविणें त्यास सहज शक्य होतें; साक्षीदार तेवढी गाढवीच होती. पहिल्याच दिवशीं ओझें हलकें करतांना त्यानें पांढरी भाकर, थंड मांस आणि अंडें घुसळण्याची आवडती रवीदेखील फेंकून दिली, आणि गाढवीसाठीं काळी भाकर ठेविली, हेंही त्याच वहींत आहे.

माणसांचा हिशेबही त्यानें मांडला आहे. पावसाळी काळोखांत वाट चुकली असतां एका घरच्या माणसानें बाहेर पडून रस्ता दाखविण्याचें साफ नाकारलें. कारण काय, तर बाहेर अंधार आहे! वाटेंत दोन पोरींनींही त्याची टवाळीच केली. त्या प्रांतांत अठराव्या शतकांत मुलें खाणारें एक श्वापद माजलें होतें. त्याजविषयीं आपणांस आतां सहानुभूति वाटूं लागली, असा शेरा तो मारतो. ग्रामीण जनतेच्या भोळ्या आतिथ्याचे गोडवे ऐकून किटलेल्या कानांना हा शेरा औषधासारखा लागतो.

परंतु ग्रंथाचें मर्म पाइन वृक्षांखालच्या रात्रींत आहे. त्या वर्णनाच्या भाषेची स्तुति सर्वांनीं केली आहे, ती आम्ही करीत बसत नाहीं. सकाळीं निघतांना त्यानें काय केलें तें पाहा. ही जागा, हें पाणी, हें आकाश यांचें भाडें म्हणून, रात्रीच्या मुक्कामाचे होतील इतके पैसे तो चालतां चालतां हिरवळीवर टाकीत गेला. आणि ते एखाद्या धनिक व खडूस गुरेंवाल्याच्या हातीं लागूं नयेत अशी आशाही त्यानें प्रकट केली. यास कोणी ढोंग म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. फुकट मिळालेल्या सुखाचें देणें लागतें ही जाणीव त्यांत आहे, आणि त्याबरोबरच आपल्या खिशांत टाकावयास पैसे आहेत याची कबुलीही. बऱ्याच रात्री त्यानें खानावळींत किंवा मठांत काढल्या. उघड्यावर निजणें ही त्याची निवड होती. आपल्याकडील विष्णुभट गोडसे १८५७ सालीं कर्जापायीं दक्षिणा मिळवावयास उत्तरेस निघाले आणि झांशीच्या लुटींत सांपडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ मध्यें गरिबी ही शोभा नाहीं. हें अंतर स्टीव्हन्सनला ठाऊक आहे, म्हणूनच त्याची हौस खुपत नाहीं.

एक खातें मात्र त्यानें बंद ठेविलें आहे. त्याच रात्रीं, चांदण्यांखालीं, शेजारीं निःशब्द पडून राहणारें कोणी असतें तर, असें त्याच्या मनांत येतें. फॅनी ऑस्बोर्न महिन्यापूर्वींच अमेरिकेस परतली होती. तिच्याशीं त्याचा विवाह व्हावयास १८८० साल उजाडलें. ग्रंथांत तिचें नांव नाहीं. नसावें हेंच उचित. पण एकान्ताचा एवढा गौरव चालला असतां त्याच पानावर सोबतीची भूक उघडी पडते, आणि तेथें पुस्तक कळसास पोंचतें. त्यामानानें उत्तरार्धांतील कामिसार बंडाचा इतिहास, १७०२ सालच्या पों-द-मोंव्हेरच्या हत्येसह, आम्हांस लांबलेला वाटला. स्कॉटलंडांत प्रॉटेस्टंट घरांत वाढलेल्या लेखकाचा त्यांत जीव गुंतणें स्वाभाविक आहे, तरी तितकीं पानें गाढवी कोठें असते कळत नाहीं.

अखेरीस त्यानें मोदेस्तीनला खोगिरासकट ३५ फ्रँकांस विकलें. पैशांत नफा दिसत नाहीं, पण स्वातंत्र्य मिळालें, असा ताळेबंद मांडून तो टपालगाडींत बसला. आणि कांहीं वेळानें त्यास तिची आठवण झाली. गाडीवान आणि चारपांच तरुण भोंवतीं असतां आपण एकटेच आहों असें म्हणून तो अश्रूंना वाट करून देतो.